पाण्याचा हबका

सारजाबाईंचा पाक आयुष्यात एकदाच बिघडला होता आणि तो दोष त्यांनी साखरेच्या नावावर टाकला होता. त्याला तीस वर्षं झाली. साखर काही बोलायला आली नाही, त्यामुळे निकाल कायम राहिला.

मुळशीत आणि धरणाच्या काठच्या चार-पाच वाड्यांत लग्न निघालं की बुंदीच्या कढईपाशी सारजाबाई बसणार, हे धरूनच पुढचं ठरायचं. त्यांना वजन लागत नसे, माप लागत नसे, घड्याळ तर नाहीच. उलथनं वर उचलायचं, पडणारी धार बघायची आणि म्हणायचं, "उतरवा." पाक आळला, म्हणजे हवा त्याहून घट्ट झाला, की शेजारच्या तांब्यातल्या कढत पाण्यात चार बोटं बुडवायची आणि कढईवर हबका मारायचा. पाक ताळ्यावर. हात इतका सरावाचा की एका हळदीत मुलाच्या मामाशी भांडता भांडता त्यांनी हबका मारला होता, आणि पाक व भांडण दोन्ही त्यांच्या मनासारखं उतरलं होतं.

अशा बाईच्या घरात सुनेनं चॉकलेट वितळवायला घेतलं.

सून साधना. माहेर उरवड्याचं, शिक्षण बारावी, आवाज हळू आणि हट्ट मोठा. पिरंगुटला दोन दिवसांच्या वर्गाला जाऊन आली होती. नाचणी भाजून, गूळ-खजूर घालून सुपारीहून थोडे मोठे लाडू वळायचे, ते वितळवलेल्या चॉकलेटात बुडवून काढायचे, की वर चकचकीत कवच धरतं. ह्यासाठी वेगळं चॉकलेट मिळतं, दुकानदार त्याला कंपाऊंड म्हणतात, अर्ध्या अर्ध्या किलोच्या लाद्या असतात. पहिले वीस लाडू तिनं धरणाच्या रस्त्यावर कणसं भाजणाऱ्या गोजराबाईंच्या टेबलावर ठेवले. गोजराबाई ही सारजाबाईंची चुलत जाऊ, आणि दोघींचं बोलणं बारा वर्षं फक्त मयताला होत होतं. त्यामुळे लाडू विकले गेले ह्याचा आनंद घरात अर्धाच झाला.

त्या विसातले बारा एकट्या कल्पनाताईंनी घेतले. मूळच्या लातूरच्या, हिंजवडीत नोकरी, आणि मुठा गावात नवीन बांधलेलं शनिवार-रविवारचं घर. त्या घराची वास्तुशांत श्रावणातल्या रविवारी धरली होती. पाहुण्यांना द्यायला एकशेऐंशी लाडू हवेत, शनिवारी पाचला गाडी घेऊन येते, असं त्यांनी कळवलं.

आता खोलीचं. घरामागे एक खोली होती, वेगळ्या दाराची, आत मोरी आणि दोन प्लग. आजवर तिच्यात तीन भाडेकरू राहून गेले. खोली दाखवायची सारजाबाईंची एक पद्धत होती. दुपारी ऊन असताना दाखवायची, कारण तेव्हा ओल दिसत नाही. मोरीतला नळ सोडून दाखवायचा तो पाणी येण्याच्या दिवशी. उंदरांचा विषय निघालाच तर मांजराचं कौतुक करायचं. तिसरा भाडेकरू ज्येष्ठात गेला आणि साधनेनं खोली मागितली. घरच्या स्वयंपाकघरात मसाल्याचा वास, फोडणीचा धूर, चॉकलेटाला तो लागतो; तिला वेगळी जागा हवी होती.

सारजाबाई एकदम नाही म्हणाल्या नाहीत. न मागता 'नाही' देणं त्यांना जमायचं, मागितल्यावर थोडा वेळ लागायचा.

"वापर पोळ्यापतोर," त्या म्हणाल्या. मग कल्पनाताईंचं काम आलं तेव्हा अट आणखी आवळली. "ही आर्डर नीट गेली तर खोली तुजी. न्हाई गेली तर सोमवारी भाडेकरू."

नवरा शेखर दोघींच्या मधे बसला होता. तो उरवड्याच्या एका कारखान्यात कामाला होता आणि घरात जी शेवटी बोलेल तिचं त्याला पटायचं. त्या दिवशी आई शेवटी बोलली. त्यानं लगेच कारखान्यातला एक माणूस हेरून ठेवला, दिग्विजय नावाचा, आणि शनिवारी दुपारी खोली बघायला ये म्हणून सांगितलंसुद्धा.

तर असा तो शनिवार. संध्याकाळी पाचला गाडी येणार आणि दुपारी दोनला भाडेकरू. साधनेनं सकाळी दहाला खोलीत शेगडी पेटवली.

लाडू आदल्या दिवशीच वळून झाले होते, परातींत ओळीनं मांडलेले, एकशेऐंशी. लाद्या चार होत्या. तिनं तीन फोडून पातेल्यात घातल्या, ते पातेलं कढत पाण्याच्या टोपावर ठेवलं आणि ढवळत बसली. चॉकलेट वितळलं, पण सैल होईना. मागच्या वेळच्या लाद्या दुसऱ्या होत्या, त्या कशा धार धरून पडल्या होत्या. हे पिठल्यासारखं डब्बकन पडत होतं. लाडू बुडवून काट्यानं उचलला की अंगावर गोधडी पांघरल्यासारखा दिसे आणि ताटात ठेवला की खाली चॉकलेटचं थारोळं साचे.

तीस लाडू असे झाल्यावर तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं. तिसाला एवढं, तर एकशेऐंशीला किती, हे गणित करायला बारावी लागत नाही. चारही लाद्या घातल्या तरी निम्मे लाडू उघडे राहणार होते.

वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं की घट्ट झालं तर तेल घालायचं, वास नसलेलं, चमच्या-चमच्यानं. साधनेनं सूर्यफुलाचं एक चमचा तेल घातलं, ढवळलं. जरा हललं; तिसावा लाडू तिनं त्यात पुन्हा एकदा बुडवून ठेवला. दुसरा चमचा घालणार तेवढ्यात फोन वाजला, कल्पनाताईंचा, आणि दोन शब्दांत तुटला. खोलीत रेंज नव्हती. रेंज पाण्याच्या टाकीपाशी होती. साधनेनं शेगडी बंद केली, पातेलं टोपावरून उतरवून खाली फरशीवर ठेवलं, झाकण घातलं आणि टाकीकडे गेली.

टाकीपाशी तिचं मराठी बदलायचं. तिथं 'हाय'चं 'आहे' व्हायचं.

"हो ताई, होत आहेत. नाही, अडचण काही नाही. पाचला तयार आहेत. हो. नक्की. नाही हो, घाबरले नाही, चालत आले म्हणून दम लागला."

हे सगळं मागच्या अंगणात शेंगा निवडत बसलेल्या सारजाबाईंनी ऐकलं. आपली सून खोटं बोलताना तीन वेळा 'हो' म्हणते, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात टिपून ठेवलं होतं. त्या उठल्या, खोलीत गेल्या, झाकण उचललं.

समोर आळलेला पाक.

त्यांच्या डोळ्यांना तरी तो पाकच दिसला. काळा होता, पण म्हातारपणी माणूस रंगाकडे कुठं बघतो. चकाकी तीच, जडपणा तोच, उलथन्याला लोंबायची रीत तीच. शेजारी टोपात पाणी वाफाळत होतं. पुढचं सारजाबाईंनी केलं नाही, त्यांच्या हातानं केलं. चार बोटं पाण्यात, आणि हबका.

चॉकलेट सैल झालं नाही. ते दचकल्यासारखं आकसलं. ढवळलं तर खरबरीत झालं. त्यांना वाटलं, पाणी कमी पडलं. आणखी एक हबका मारला. आता पातेल्यात नांगरटीनंतरच्या शेतासारखी ढेकळं होती आणि उलथनं त्यात उभं राहत होतं.

सारजाबाईंनी एवढ्या वर्षांत खूप कढया पाहिल्या होत्या, पण पाण्यानं घट्ट होणारा पाक पाहिला नव्हता. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग उलथनं पुसलं, झाकण होतं तसं ठेवलं आणि शेंगांपाशी जाऊन बसल्या. शेंगा त्यानंतर फार बारकाईनं निवडल्या गेल्या.

साधना परत आली. झाकण उचललं आणि उचललेलंच राहिलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच चुकलं, जास्त तापलं असेल. मग तिला पातेल्याच्या कडेला पाण्याचे थेंब दिसले, आणि टोपापासून पातेल्यापर्यंत फरशीवर आणखी चार. वर्गातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं की पाण्याचा एक थेंब गेला की चॉकलेट संपलं.

ती दारात आली.

"आत्या, खोलीत कोन आलं हुतं का?"

"कोन येतंय," सारजाबाई शेंगेकडे बघत म्हणाल्या. "मांजार आलं आसंल."

झाकण उचलणारं, पाणी घालणारं, ढवळणारं आणि झाकण परत ठेवणारं मांजर मुळशीत आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. साधना तशीच आत वळली. बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडणात वेळ गेला असता. पण आत येऊन तिनं जे मनात मांडलं ते असं होतं: खोली कुणाला नको होती मला द्यायला? आर्डर बिघडली तर कुणाचं बरं होणार होतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर अंगणात शेंगा निवडत बसलं होतं.

तिनं ढेकळांत तेल घालून पाहिलं. ढेकळं तेलकट झाली. नवीन लाद्या आणायच्या तर पिरंगुट गाठायला हवं, आणि श्रावणातला शनिवार म्हणजे पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या मोटारी सकाळपासून एकमेकींच्या मागे उभ्या होत्या. जाऊन यायला चार तास, आणि बारा वाजून गेले होते; शेखरला सांगावं तर त्याचा फोन सुटीपर्यंत कारखान्याच्या फाटकात जमा असे. तिनं शिल्लक बघितली. एक लादी, अर्धा किलो. लाडू दीडशे. ती परातीपाशी बसून राहिली. झाकण तिच्या हातातच होतं.

दोनला शेखरची मोटारसायकल वाजली. मागे दिग्विजय होता, मूळचा परभणीकडचा, कारखान्याच्या भांडारात नोकरीला. पाठीला बॅग, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि चेहऱ्यावर महिनाभर खोली शोधणाऱ्या माणसाची नम्रता.

"नमस्कार मावशी. शेखरराव म्हणाले, खोली आहे."

सारजाबाई उठल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारातून सुनेची पाठ दिसत होती. एरवी अशा वेळी त्या पदर नीट करून पुढे व्हायच्या. आज त्या मागून गेल्या.

खोलीत चौघं उभी राहिली. साधना भिंतीला टेकून सरकली. दिग्विजय परातींना पाय लागू नये म्हणून चवड्यावर उभा होता.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"चांगली कुटली," सारजाबाई म्हणाल्या. "त्यो कोपरा बघा. पावसुळाभर गळतोय."

शेखरनं आईकडे पाहिलं. कोपरा गळतो हे त्यालाही ठाऊक होतं, पण ते आईच्या तोंडून बाहेरच्या माणसापुढे निघेल हे ठाऊक नव्हतं.

"बादली ठेवीन मावशी."

"नळाला दिसाआड पानी येतंय. तेबी मनात आलं तर."

"आत्ता राहतो तिथं टँकर येतो. दिसाआड म्हणजे पुष्कळ झालं."

"उंदरं हायेत. ही एवढाली."

"मांजार हाय की आपलं," शेखर मदतीला धावला.

"त्ये मांजार काय कामाचं न्हाई," सारजाबाई म्हणाल्या, आणि ह्या वाक्याला त्यांची मान थोडी खाली गेली.

साधनेनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"रातच्याला ह्यो घोरतुया," सारजाबाईंनी मुलाकडे बोट केलं. "भितीतनं ऐकू येतंय. आनि मी लई भांडकुदळ हाय. मागचा भाडेकरू माज्यामुळंच गेला."

"माझी आई पण तशीच आहे," दिग्विजय भावुक होऊन म्हणाला. "मावशी, खरं सांगू? मी अकरा खोल्या बघितल्या. सगळ्यांनी सगळं चांगलंच सांगितलं. आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या तुम्हीच पहिल्या. मला ही खोली पक्की."

तीन भाडेकरूंना जे लपवून खोली दिली होती ते सगळं सांगूनही चौथा जाईना. सारजाबाईंकडे आता दोष उरले नव्हते. एकच उरला होता.

"खोली द्याची न्हाई," त्या म्हणाल्या.

"आये?" शेखर म्हणाला.

"का मावशी?"

"सुनंची हाय."

"पण आये, आपलं ठरलं हुतं," शेखर म्हणाला. "आर्डर नीट गेली तर..."

"आर्डर मी बिघडवली. मांजरानं न्हाई, मी. त्या पातेल्यात पान्याचा हबका मी मारला. पाच वाजता काय व्हईल ते व्हईल, खोली तिची."

 बाहेर रस्त्यावर एका मोटारीचा भोंगा वाजत राहिला.

"कशापायी मारला?" साधनेनं विचारलं. आवाज हळूच होता, पण आता त्याला कड होती.

"कशापायी म्हंजी? आळलं हुतं न्हवं. पाक आळला की हबका मारत्यात. तू तितं टाकीपाशी हो-हो करत हुतीस. म्हनलं, पोरीचं तेवढं सरळ करून ठिवावं."

साधनेनं हातातलं झाकण खाली ठेवलं. सकाळपासून छातीवर जे दडपण होतं त्यातला मोठा तुकडा आत्ता हलला, आणि तो चॉकलेटाचा नव्हता.

"आत्या, ह्यो पाक न्हाई."

"आता कळलं मला. आदी सांगायचं."

"तुमास्नी? कढईतलं तुमास्नी कोन सांगनार?"

ह्यात टोमणा किती आणि मान किती हे सारजाबाईंनी क्षणभर तोललं. मग त्यांनी तो मान म्हणून जमा केला.

"मग ह्येला काय लागतं?"

"पानी चालत न्हाई. तेल चालतं. मी घातलं चमचाभर, पन ह्ये बगा." तिनं सकाळच्या तीस लाडवांतल्या शेवटच्या एकावर बोट टेकवलं. बोटाचा ठसा उठला. "तेलाचं ह्ये आसं ओलंच ऱ्हातंय. हवा दमट हाय. आनखी तेल घातलं तर धरायचंच न्हाई."

सारजाबाईंनी लाडू हातात घेऊन उजेडात धरला. शनिवारचा उपास होता, चाखून बघायची सोय नव्हती. त्यांनी वास घेतला, नखानं कड खरवडली.

"तेल कशाला घालतीस? तेल कवा थिजलंय? डालडा घाल. बेसनाचा लाडू बसाय लागला की आमी काय करतो? मूठभर डालडा, की उभा ऱ्हातोय. पातळ करताना पातळ करंल, गार झाल्यावर थिजंल."

साधनेनं कपाळावर हात मारला. वर्गात बाईंनी हेसुद्धा सांगितलं होतं, वनस्पती तूप चालतं म्हणून; पण ते दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, आणि तेव्हा तिला पेंग आली होती.

"चालंल," ती म्हणाली. "पन लादी एकच हाय. दीडशे लाडू."

"मग सगळं कशापायी बुडिवतीस? निम्मं बुडिव. खालची नाचनी दिसू दे की लोकास्नी. आपन काय लपवतो का?"

हे वाक्य त्या खोलीत, त्या बाईच्या तोंडी, त्या दिवशी शोभून दिसलं.

मग काम सुरू झालं. साधनेनं पातेलं घासलं, फडक्यानं तीनदा पुसलं, दारात उन्हाचा तुकडा आला होता त्यात धरलं. उलथनं कोरडं, काटा कोरडा, हात कोरडे. टोपातलं पाणी उकळू न देता नुसतं कढत ठेवलं. सारजाबाईंना तिनं पाण्यापासून चार हात लांब बसवलं आणि त्या बसल्या. लादी वितळली. डालडा साधनेनं चमच्यानं मोजून घातला, एक, ढवळलं, थांबली, मग दुसरा. इथपर्यंत तिचं राज्य होतं. पुढे धार बघायची होती, आणि ते तिला नीट कळत नव्हतं.

"उचल," सारजाबाई म्हणाल्या.

तिनं उलथनं उचललं. चॉकलेट जाड पट्टीसारखं पडलं आणि पातेल्यात वळी घालून बसलं.

"न्हाई अजून. आर्धा चमचा."

अर्धा घातला. ढवळलं. उचललं. आता धार सुतळीएवढी झाली, तुटली नाही, आणि खाली पडलेली वळी हळूहळू बाकीच्यात मिसळून दिसेनाशी झाली.

"उतरव," सारजाबाई म्हणाल्या.

चॉकलेटाला तो शब्द लागू पडतो की नाही ह्याचा विचार न करता साधनेनं पातेलं उतरवलं. पहिला लाडू निम्मा बुडवून काढला, काटा कडेवर दोनदा टिचकावला. चॉकलेट पातळ सायीसारखं बसलं, खाली थारोळं नाही. ताटात ठेवला आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. दहा मिनिटांनी साधनेनं बोट टेकवलं. ठसा उठला नाही.

तिनं सुटकेचा श्वास सोडला तो दारात उभ्या शेखरपर्यंत पोचला. तो आत येऊन पंखा जवळ सरकवू लागला. आज शेवटी कोण बोललं हे त्याला नीटसं कळलं नव्हतं, म्हणून तो दोघींचं ऐकत होता.

दिग्विजय अजून अंगणातच होता. त्याला जा म्हणायचं राहून गेलं होतं, आणि पाऊस परत लागला होता. सारजाबाईंना त्याची आठवण झाली ती ढेकळांचं पातेलं नजरेला पडल्यावर.

"ह्येचं काय करायचं गं? टाकायचं?"

"टाकायचं कशाला," साधना हात न थांबवता म्हणाली. "आता त्यात भरपूर गरम दूध घाला. ढवळत ऱ्हावा. थोडं पानी वाईट, पन भरपूर घातलं की सुटतंय. लाडवाला चालायचं न्हाई, पियाला चालंल."

सारजाबाईंनी दूध तापवून घातलं. ढेकळं आधी तशीच राहिली, मग विरघळली, मग पातेल्यात तपकिरी, गुळगुळीत, धारेची खीर झाली.

"म्हंजी पानीच कमी पडलं हुतं," त्या म्हणाल्या. "मी दुसरा हबका मारला तवाच म्हनलं हुतं."

साधना हसली. सकाळपासून पहिल्यांदा. हसताना एक लाडू पातेल्यात पडला, तो पूर्ण बुडाला.

ते दूध पेल्यात ओतून सारजाबाईंनी अंगणात नेलं. दिग्विजय दोन पेले प्यायला आणि असं काही शहरातल्या दुकानात मिळतं म्हणून त्यानं सांगितलं.

"पोटभर प्या," सारजाबाई म्हणाल्या.  पुढचं वाक्य बाहेर काढायला त्यांना बारा वर्षांचा अडसर सरकवायचा होता. "ह्या रस्त्यानं खाली जावा. कणसाचं टेबल दिसंल. गोजराबाई म्हनून हायेत. त्यांची वरची खोली मोकळी हाय. गळत न्हाई."

"तुमचं नाव सांगू?"

त्यांनी विचार केला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "काय म्हनत्यात ते मला येऊन सांगा."

साडेचारला एकशेऐंशी झाले. एकशे एकोणपन्नास निम्मे, एकतीस पूर्ण. ते एकतीस वेगळे दिसत होते, जाड आणि थोडे ढेरपोटे, आणि साधना ते डब्यात खाली ठेवावेत की वर ह्या विचारात असतानाच गाडी आली. गर्दीमुळे उशीर होईल म्हणून कल्पनाताई आधीच निघाल्या होत्या आणि नेमका रस्ता सुटला होता. सोबत त्यांची मुलगी किमया, कॉलेजातली, हातात फोन.

कल्पनाताईंनी पहिला डबा उघडला. साधनेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अय्या, हे हाफ डिप केलेत. किमया, बघ गं. मी तर पूर्ण सांगितले होते ना?"

"हो ताई," साधना म्हणाली. "हो, म्हणजे... हो."

तीन 'हो' झाले. सारजाबाईंनी मोजले आणि पुढे झाल्या.

"नाचनी दिसाया नको व्हय?" त्या म्हणाल्या. "सगळं झाकलं तर मानूस म्हनतोय, आत काय घातलंय कुनास ठाऊक. आमी झाकाझाकी करत न्हाई."

शेखरला खोकला आला.

"मस्त दिसतात, मम्मी," किमया फोटो काढत म्हणाली. "टू-टोन. पूर्णवाले चीप वाटले असते."

"पण हे थोडे पूर्ण आहेत," कल्पनाताईंनी दुसरा डबा पुढे केला. "हे कुणाचे?"

साधनेनं सासूकडे पाहिलं. सारजाबाईंना क्षणही लागला नाही.

"त्ये मानाचे. वास्तुशांतीला मानाचे पावने न्हाईत व्हय? व्याही, भटजी, मामा. सगळ्यास्नी सारकंच दिलं तर मान कुटं ऱ्हातोय?"

कल्पनाताईंनी डब्याकडे नव्या आदरानं पाहिलं. त्यांच्या सासरची तीसेक माणसं उद्या येणार होती आणि त्यांना नेमकं काय वेगळं द्यावं हा प्रश्न त्यांना आठवडाभर सतावत होता, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग एक निम्मा लाडू उचलून चावला. कवच कट् करून मोडलं. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि नवरात्रात ऑफिसातल्या बायकांसाठी पुन्हा सांगेन म्हणाल्या.

डबे गाडीत गेले, गाडी वळणापलीकडे गेली. शेखर ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिला, आणि मग मोटारसायकल पुसायला लागला, जी पावसात उभी होती.

साधना खोलीत आली. पातेलं, काटा, परात, फडकं, सगळं तसंच पडलं होतं. आवरायला हवं होतं. त्याऐवजी ती फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावली आणि पाय लांब सोडले. सासूसमोर पाय पसरून बसायची घरात पद्धत नव्हती, पण सासू अंगणात होती.

सासू दारात आली.

साधना पाय ओढून घेणार होती. ओढले नाहीत.

सारजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, गळणाऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात देऊन त्या हळूच तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांनीही पाय लांब केले. चार तळवे दाराकडे तोंड करून राहिले.

"त्यो कोपरा शेखऱ्याला उद्या सिमिट लावाय सांग," त्या म्हणाल्या. "चॉकलेटावर पानी पडंल."